फ्लेक्समागची बाई

“फ्लेक्सच्या मागे बसा. फोटोत येऊ नका.”

कॉलेजच्या सरांनी मला हे सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर नवी साडी होती. मोरपंखी. आदल्या दिवशी आमचे सुपरवायझर खैरनार म्हणाले होते, उद्या नाशिकला कॉलेजात कार्यक्रम आहे, सरांनी मुद्दाम तुम्हाला बोलावलंय, जरा चांगले कपडे घालून या. मला वाटलं सत्कार असेल. नारळ, शाल, असलं काहीतरी. पाच महिने मी त्यांच्या मशीनला शिकवलं होतं. असं वाटलं तर माझं काय चुकलं?

फ्लेक्स चांगला दहा-बारा फूट लांब होता. एका कडेला कॉलेजचं बोधचिन्ह, दुसऱ्या कडेला आमच्या कंपनीचं, आणि मधे हस्तांदोलन करणारे दोन हात. गोरे हात, बाह्यांना कोटाची बटणं. त्या हातांच्या खाली ब्लेडनं एक फट कापली होती. वहीच्या पानाएवढी. फटीवर काळी जाळी लावलेली, म्हणजे आतून बाहेरचं दिसेल, बाहेरून आतलं दिसणार नाही. फटीमागे एक उलटा क्रेट. क्रेटवर मी. माझ्या मांडीवर एक डबी, तिच्यावर लाल बटण, आणि डबीतून निघालेली वायर जमिनीवरून मशीनमध्ये गेलेली.

मशीन काय होतं ते सांगते. आमच्या कारखान्यात गाडीच्या ब्रेकसाठी लोखंडी कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, बनतात. तळहातावर मावेल एवढं एकेक. त्यात खराब कुठलं, चांगलं कुठलं, ते आम्ही आठ बायका डोळ्यांनी बघून, अंगठा फिरवून ठरवायचो. सरांचं मशीन हे काम करणार होतं. सरकता पट्टा, त्याच्यावर एक पेटी, पेटीत कॅमेरा. कास्टिंग कॅमेऱ्याखालून गेलं की संगणक ठरवणार. चांगलं असेल तर हिरवा दिवा. खराब असेल तर लाल दिवा, आणि एक लोखंडी हात येऊन त्याला बाजूला ढकलणार.

पण मशीनला तडा दिसत नव्हता. भोक दिसायचं, खड्डा दिसायचा. केसासारखा बारीक तडा मात्र दिसायचा नाही. आणि ब्रेकमध्ये सगळ्यात वाईट तोच.

म्हणून मी.

सर हळू आवाजात म्हणाले, मॉडेल अजून शिकतंय, आजच्यापुरतं जिथे त्याला कळणार नाही तिथे तुम्ही बटण दाबा. मी मान हलवली. त्यांना सगळे डॉक्टर सर म्हणायचे. कारखान्यात पहिल्यांदा आले तेव्हा आम्हा बायकांना ते दवाखान्यातले वाटले होते, एकीनं गुडघे दुखतात म्हणून सांगितलंही होतं. तर त्या डॉक्टर सरांनी माइक हातात घेतला. मी जाळीतून बघत होते. विद्यापीठातून मोठे साहेब आले होते, आमचे मालक होते, पुढच्या रांगेत सोफे.

सर म्हणाले, “माणूस थकतो. कंटाळतो. त्याचं लक्ष घराकडे असतं. विशेषतः या कामावरच्या महिलांचं. मशीनचं लक्ष कधीही विचलित होत नाही.”

पट्ट्यावरून तड्याचं कास्टिंग आलं, बाजूच्या उजेडात मला तडा दिसला. मी बटण दाबलं. लाल दिवा लागला. लोखंडी हातानं तुकडा बाजूला ढकलला. टाळ्या पडल्या.

तेव्हा मला राग आला नाही, हे खरं सांगते. मी पुढचा तुकडा बघत होते. एकही सुटू नये म्हणून डोळे फाडून बघत होते. माझं लक्ष विचलित होतं असं तो माणूस माइकवर सांगत होता आणि त्याचं बोलणं खोटं पडू नये म्हणून मी पापणी हलवत नव्हते. अकरा वेळा दाबलं. अकराही बरोबर.

मग भाषणं झाली. हार झाले. एका कागदावर सरांनी आणि मालकांनी सह्या केल्या, तो कागद हातात धरून फोटो काढले. मग सगळे खायला गेले. खैरनार मला म्हणाले होते, मी सांगेपर्यंत उठू नका. ते सांगायचं विसरले. मी बसून राहिले. लघवीला लागली होती. पंखा पलीकडे होता, मागे नुसता उकाडा. समोरून ढोकळ्याच्या फोडणीचा वास यायचा. बाहेर यावं तर कोणी बघेल, मशीनची फजिती होईल. म्हणजे त्यांची अब्रू मी सांभाळत बसले होते. घामानं भिजून.

शेवटी मंडपवाल्याची माणसं आली आणि त्यांनी फ्लेक्स उतरवला. वरचे दोर सोडले, फ्लेक्स खाली आला, आणि मी उघडी पडले. मोरपंखी साडी, उलटा क्रेट, मांडीवर डबी. त्यातला एक जण दचकला. हातात प्लेट घेतलेल्या एक मॅडम बाजूने चालल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला काही विचारलं नाही. शिपायाला म्हणाल्या, “ही कोण इथे बसलीये? बाहेर बसवा हिला.”

मी बाहेर बसले. टेम्पोत. क्रेटही कारखान्याच्या त्याच टेम्पोत परत आला.

माझं माहेर पेठ तालुक्यातलं. डोंगरातलं गाव. भात आणि नागली, म्हणजे नाचणी. भात कापून झाला की अर्धं गाव द्राक्षाच्या बागांत मजुरीला उतरतं, आमचंही घर उतरायचं. मी आश्रमशाळेत शिकले. बारावी सायन्स. फिजिक्समध्ये माझे मार्क चांगले होते. मला डिप्लोमा करायचा होता. यादीत नाव लागलं होतं. ह्या कॉलेजात नाही, पण अशाच एका कॉलेजात. जात पडताळणीचा दाखला वेळेत आला नाही. बाप चार वेळा नाशिकला गेला. खिडकीतल्या बाबूनं चौथ्या वेळी सांगितलं, मुदत संपली. बापानं विचारलं, मग आता काय करायचं? बाबू म्हणाला, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. नवरा सिन्नरला पिकअप चालवतो. मी तिथल्या एमआयडीसीत ह्या कारखान्याच्या ठेकेदाराकडे लागले.

तपासणीचं काम मला हिराबाईनं शिकवलं. हिराबाई सिन्नरजवळच्याच एका गावची, सगळ्यांत जुनी. तिला डोळ्यांपेक्षा अंगठ्यानं जास्त दिसायचं. कास्टिंगवर अंगठा फिरवायची आणि तोंडानं गप्पा चालू ठेवून तुकडा बाजूला टाकायची. तिनं टाकलेला तुकडा क्वालिटीवाले पुन्हा उचलायचे नाहीत. आम्ही दोषांना आमची नावं दिली होती. बारीक भोकांचा पुंजका असला की मी त्याला नागली म्हणायचे, कारण तसाच दिसतो. धातू नीट जुळला नाही की सुरकुती. तड्याला हिराबाई केस म्हणायची. केस डोळ्यासमोर सरळ धरला तर दिसत नाही. तुकडा तिरका करायचा, उजेड बाजूनं पडला पाहिजे. मग दिसतो, एक काळी रेघ, लगेच जाते. ते मला यायला वर्ष लागलं.

मग कॉलेजची पोरं आली. त्यांच्यात ऋतुजा म्हणून एक मुलगी होती, नाशिकची, शेवटच्या वर्षाला. तिचा हा प्रोजेक्ट होता. चांगली होती. मला ताई म्हणायची. तिच्याकडे टॅबलेट होता. ती प्रत्येक कास्टिंगचा फोटो काढायची आणि मी बोटानं त्या फोटोवर खराब जागेभोवती गोल काढायचे. मग ती विचारायची, हे काय? मी सांगायचे, नागली. ती लिहायची, नागली. आमची नावं संगणकात गेली म्हणून मला काय कौतुक वाटलं होतं. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, आता मशीनसुद्धा नागली म्हणणार.

हजारो फोटो. उन्हाळा गेला, पावसाळा अर्धा गेला. माझं रोजचं काम करून वर हे. जेवणाच्या सुट्टीत, शिफ्ट संपल्यावर. खैरनार म्हणायचे, कॉलेजचं काम आहे, तुमचंच नाव होईल.

एकदा डॉक्टर सर बघायला आले. पडद्यावर नागली वाचून हसले. कॉलेजच्या पोरांना म्हणाले, हे असलं काही आपल्या रिसर्च पेपरात जाता कामा नये. मग सगळी नावं इंग्रजीत झाली. ठीक आहे. मी त्यांना म्हटलं, सर, कॅमेरा वरून सरळ बघतो म्हणून त्याला केस दिसत नाही, उजेड बाजूनं द्या. ते मोबाइलकडे बघत होते. म्हणाले, “बाई, लाइटिंगचा अभ्यास आम्ही केलाय.” आणि ऋतुजाला विचारलं, “यांचं शिक्षण किती?” मी समोर उभी होते. मला विचारलं नाही.

ऋतुजा म्हणाली, माहीत नाही सर.

पाच महिने माझ्या शेजारी बसून तिला माहीत नव्हतं. तिनं कधी विचारलंच नव्हतं.

कार्यक्रमानंतर महिन्याभरात मशीन आमच्या कारखान्यात बसलं. त्याच आठवड्यात खैरनारांनी आठातल्या सहा जणींना गेटजवळच्या लिंबाखाली बोलावलं. म्हणाले, एक तारखेपासून ठेकेदार तुम्हाला घेणार नाही, मशीन आलंय, माझ्या हातात काही नाही. एक बाई रडायला लागली. हिराबाई रडली नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी लिंबाखाली नव्हते, मी शेडच्या दारात उभी होते. मला ठेवलं होतं. आणि एकीला पॅकिंगला टाकलं होतं.

संध्याकाळी जीपमध्ये हिराबाई आधीच बसलेली. मला बघून सरकली, जागा करून दिली. थोडं अंतर गेल्यावर म्हणाली, “बटन तूच दाबत व्हती ना गं, कॉलेजात?”

मी म्हटलं, “हो.”

 तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उतरताना तिनं तिची डब्याची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, पदर सावरला, पिशवी घेतली आणि गेली. रोज उतरायची तशी.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी काय केलं. मशीन काही करत नव्हतं. टाळ्या मशीनला पडल्या, पण सहा बायकांना घरी माझ्या अंगठ्यानं बसवलं. अकरा वेळा.

त्यानंतरचं तर अजून वाईट. मशीनच्या मागे प्लायवूडचा आडोसा केला. त्याच्यात मला बसवलं. कागदावर माझी जागा हेल्पर. पट्टा चालू झाला की मी फटीतून बघायचं आणि दाबायचं. आठ बायका जे बघायच्या ते मी एकटी बघायचे, आणि पट्ट्याच्या वेगानं. मान वळवायची सोय नाही. डोळ्यांतून पाणी यायचं. पाणी पुसायला डोळा मिटला तर तेवढ्यात दोन तुकडे निघून जायचे. ते कुठं गेले असतील, कुठल्या गाडीला लागले असतील, हा विचार घरी जेवताना यायचा. नवरा पिकअप घेऊन घाटात जातो. मी त्याला विचारायचे, ब्रेक बघितले का? तो हसायचा.

भिंतीवर टीव्ही लावला होता. त्यावर आलेख, हिरवे आकडे. पाहुणे आले की टीव्ही दाखवायचे. मालक सांगायचे, इथे आता मानवी चूक नाही. मी प्लायवूडमागे. ऋतुजा पंधरा दिवसांनी एकदा यायची, माझ्या दाबण्याची नोंद संगणकातून काढून घेऊन जायची. म्हणायची, ताई, तुमच्या डेटावरच ते शिकतंय, लवकरच तुमची गरज पडणार नाही. प्रेमानं म्हणायची. माझी सुटका होईल असं तिला वाटत असावं. मी म्हटलं, गरज नाही म्हणजे मी पण लिंबाखाली का? तिला लिंब माहीत नव्हता.

तिनंच एक दिवस सांगितलं की मोठी भेट आहे. पुण्याहून गाडीच्या कंपनीचे लोक येणार, विद्यापीठाची समितीही येणार. मशीन पसंत पडलं तर आणखी चार कारखान्यांत बसवायचं. डॉक्टर सर स्वतः दाखवणार.

मी विचारलं, त्या कारखान्यांत तपासणीला कोण आहे आत्ता? म्हणाली, बायकाच असतील, का?

त्या दिवशी पुन्हा फ्लेक्स आला. प्लायवूड झाकायला. तेच दोन हात. फट नवी कापली. खैरनार माझ्याजवळ आले, पाण्याची बाटली ठेवली. हा माणूस दुष्ट नव्हता. त्यालाही त्याची नोकरी होती. म्हणाले, आजचा दिवस काढा, मग मी तुमच्यासाठी शब्द टाकतो. किती वेळा ऐकलं होतं हे. बाटली मी घेतली.

पाहुणे पट्ट्याच्या पलीकडे उभे राहिले. पुण्याचे एक साहेब, पिकलेले केस, साधा शर्ट. विद्यापीठाचे दोघे. डॉक्टर सर. ऋतुजा लॅपटॉपपाशी. पट्टा सुरू झाला. पहिला चांगला. दुसरा चांगला. नागली आली, मशीननं स्वतः पकडली. भोकं त्याला कळायची. सर बोलत होते. तेच भाषण. माणूस थकतो. माणूस कंटाळतो. या महिलांचं लक्ष.

तड्याचा तुकडा आला.

मला तो पट्ट्यावर पाच हात लांबूनच दिसला. खिडकीचा उजेड बाजूनं पडला होता. काळी रेघ. अंगठा बटणावर होता. मी अंगठा उचलला. ठरवून आले होते असं नाही. घरून निघताना डोक्यात नव्हतं. फक्त त्या वेळी ते दाबणं माझ्याच्यानं झालं नाही. हिरवा दिवा लागला. लोखंडी हात हलला नाही. तुकडा सरळ जाऊन चांगल्या मालात पडला. सर बोलतच होते.

अजून एक आला. तोही सोडला.

मग मी उठले. डबी क्रेटवर ठेवली. फ्लेक्सला वळसा घालून पुढे आले. चांगल्या मालाच्या क्रेटमधून ते दोन तुकडे उचलले. कुठले ते मला बघावं लागलं नाही. पुण्याच्या साहेबांसमोर धरले. तोंडात घरची भाषा आली.

“साहेब, ह्याला तडा हाय. मशीनला दिसला नाय. तडा त्याला कधीच दिसत नाय. लाल दिवा मी लावते, मागं बसून.”

 पट्टा चालू होता. साहेबांनी तुकडा घेतला, डोळ्यासमोर सरळ धरला. त्यांना दिसेना. मी म्हटलं, असा नाय, तिरका धरा, खिडकीकडे. त्यांनी धरला. मग त्यांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी डॉक्टर सरांना इंग्रजीत काहीतरी विचारलं. सर हसून इंग्रजीतच बोलले. मला सगळं कळलं नाही. एक शब्द कळला. रेझिस्टन्स. बदलाला कामगारांचा रेझिस्टन्स, असं काहीतरी.

हा शब्द मला येत होता. बारावीला शिकले होते. वाहणाऱ्या विजेच्या वाटेत जे आडवं उभं राहतं ते. त्याची गणितं मी सोडवली होती, मार्क पडले होते. ह्या माणसानं मला ओळख दिली ती एवढीच, आणि ती बरोबर दिली.

मग सर माझ्याकडे वळले. आता मराठीत.

“बाई, तुम्हाला यातलं काय कळतं?”

मी म्हटलं, “तुमच्या मशीनला जेवढं कळतं, तेवढं मीच सांगितलंय.”

सर ऋतुजाला म्हणाले, तू सांग यांना, सिस्टम कशी चालते ते. सगळे तिच्याकडे बघायला लागले. मीही बघितलं. ती पाच महिने माझ्या शेजारी बसली होती. तिला नागली माहीत होती, केस माहीत होता, डबी तिनंच जोडली होती. ती लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिली. कानापर्यंत लाल झाली, पण बोलली नाही. तिचे मार्क सरांच्या हातात होते. मला हे समजतं. समजलं म्हणून माफ केलं असं नाही.

विद्यापीठाचे दोघे घड्याळ बघायला लागले. मालकांनी पाहुण्यांना जेवायला चला म्हटलं. ते गेले. पुण्याचे साहेब तुकडे खिशात घालून गेले, जाताना माझ्याकडे बघून थोडी मान हलवली. तेवढंच. नाव विचारलं नाही त्यांनीसुद्धा.

त्याच दुपारी माझा गेटपास काढून घेतला. खैरनार गेटपर्यंत आले. त्यांना राग आला होता आणि ते लपवत होते की त्यांना दुसरंच काही वाटत होतं, मला सांगता येणार नाही. म्हणाले, तुम्हाला ठेवलं होतं ना, मग कशाला? मी म्हटलं, ठेवलं होतं म्हणूनच.

मला वाटलं होतं ते मशीन बंद पडेल. नाही पडलं. चार कारखान्यांचं काम लांबलं, रद्द झालं नाही. मी हिराबाईच्या घरी गेले. ती दारात लसूण सोलत होती. सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. म्हणाली, “उशीर केला पोरी.” आणि चहा टाकायला आत गेली.   ती म्हणाली ते खरं होतं, आणि अजूनही आहे.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर ऋतुजाचा फोन आला. ती पास झाली होती, पुण्याला नोकरी लागली होती. म्हणाली, ताई, आता मशीनला तडा दिसतो, आम्ही दिवा तिरका केला, सरांनी एका परिषदेत त्यावर पेपर वाचला, खूप कौतुक झालं. तिला मला आनंदाची बातमी द्यायची होती.  मग ती चाचरत म्हणाली, पेपर अजून छापायचाय, आभाराच्या यादीत तुमचं नाव टाकायला सांगू का? मी विचारलं, पडद्यामागे बाई बसवली होती हे त्यात लिहिणार का? ती म्हणाली, ते कसं लिहिणार ताई. मी म्हटलं, मग आभार नकोत.

लगेच तिनं विचारलं, तुमचं शिक्षण किती झालंय हो ताई? मी सांगितलं.  ती म्हणाली, सॉरी. मी फोन ठेवला.

त्यानंतर मी एक गोष्ट केली. आम्ही आठ जणी पुन्हा भेटलो, पॅकिंगवालीसुद्धा. हिराबाई घडलं ते सांगायला तयार नव्हती, मग तयार झाली. कामगार कार्यालयात आम्ही अर्ज दिला आहे. काय घडलं ते तारीखवार, मी माझ्या हातानं लिहिलं. तिथले साहेब म्हणाले, तुम्ही ठेकेदाराच्या, कंपनीचा संबंध कसा लावणार? मी त्यांना कार्यक्रमाचा फोटो दाखवला. वर्तमानपत्रात आलेला. फोटोत मशीन आहे, सर आहेत, मालक आहेत. फ्लेक्सच्या खालच्या कडेला नीट बघितलं तर मोरपंखी काठ दिसतो, चार बोटं. साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. अर्ज घेतला. पुढची तारीख अजून आलेली नाही.

मी आता सिन्नरमध्येच एका छोट्या वर्कशॉपमध्ये आहे. पंपाचे पितळी भाग. तपासणीला आम्ही पाच जणी. मागच्या सोमवारी मालक एका तरुण प्राध्यापकाला घेऊन आला. वेगळं कॉलेज, वेगळा माणूस. बोलायला नम्र. मला मॅडम म्हणाला. त्यानं टेबलावर टॅबलेट ठेवला आणि म्हणाला, तुमचा अनुभव आम्हाला हवाय, तुम्ही फक्त फोटोवर खराब जागा दाखवा.

मी हात धुतले होते, ते पदराला पुसले. त्याला बसायला सांगितलं. म्हटलं, दाखवीन. पण आधी कागद करा. शिकवणाऱ्या पाच जणींची नावं त्यावर वर लिहा, खाली नाही. ह्या मशीनमुळे आमच्यातली एकही बाई कमी होणार नाही, असं मालकांनी सही करून द्यायचं. मशीनला जे येत नाही ते येतं असं कोणाला दाखवायचं नाही. आणि ते मशीन शिकलं की ते चालवायचं शिक्षण आम्हाला द्यायचं, तुमच्याच कॉलेजात, तुमच्या पोरांच्या शेजारी बसून.

प्राध्यापक लिहून घेत होता. मालकानं त्याची वही बंद केली. मला म्हणाला, तुझ्यावाचून अडतंय का, ह्या चौघी आहेत की. त्यानं पहिलीकडे बघितलं. तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले. मग दुसरीनं. मी त्यांना काही शिकवून ठेवलं नव्हतं, फक्त जेवणाच्या सुट्टीत माझ्यावर काय गुदरलं ते सांगितलं होतं. चौघींनी हात मागे घेतले.

आज शुक्रवार. टॅबलेट टेबलावर तसाच आहे. मालक म्हणतो, सोमवारी दुसऱ्या बायका आणतो. आणू दे. मी गेटवर उभी राहून त्यांनाही हेच सांगणार आहे, एकेकीला, नाव विचारून. तोपर्यंत प्रत्येक खराब तुकडा मी माझ्या हातानं बाजूला काढीन, एकही पुढे जाऊ देणार नाही. पण कागदावर आमची नावं येईपर्यंत त्यांच्या कॅमेऱ्याला मी एक रेघसुद्धा दाखवणार नाही.